बर्फाच्या खड्यांतील डाळिंब

गेल्या वैशाखांत एका स्नेह्यांकडे भर दुपारीं जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला. ऊन असें कीं, रस्त्यावरचें डांबर चपलेला चिकटत होतें. घरांत जाऊन टेकतों न टेकतों तोंच यजमानांच्या कन्येनें कोकमच्या सरबताचे पेले पुढें आणून ठेविले. पेल्यांत बर्फाचे दोनतीन चौकोनी खडे तरंगत होते. आणि प्रत्येक खड्याच्या पोटांत डाळिंबाचे चारपांच दाणे व पुदिन्याचें एक पान गोठून बसलें होतें. बर्फ इतका नितळ कीं, पानाच्या शिरादेखील मोजून घ्याव्या. उन्हानें पोळलेल्या माणसानें अशा वेळीं पेला तोंडास लावावा, हा सरळ धर्म. पण मास्तरकीची खोड जन्माची असल्यामुळें आम्हीं आधीं चौकशी आरंभिली.

"हें केलेंस कसें, बाळ?" असें विचारतां ती आठवींतली मुलगी म्हणाली, "काका, त्यांत काय आहे! पाणी आधीं उकळून गार करून घ्यायचें, म्हणजे बर्फ कांचेसारखा होतो. साच्याचे खण अर्धेच भरून गोठवायचे, मग दाणे नि पान ठेवायचें, आणि वरून उरलेलें पाणी ओतून पुन्हां गोठवायचें. सगळें एकदम केलें तर दाणे तळाशीं बसतात आणि पान वर येतें."

पाणी उकळण्याची ही गोष्ट ऐकून आम्ही क्षणभर विस्मित झालों. आमच्या घरांत बर्फ करणारें यंत्र आलें त्याच्या कितीतरी पूर्वीं, थेट अठराव्या शतकांत, अलाहाबादेचे बर्फवाले मातीच्या थाळ्यांत ओतावयाचें पाणी असेंच आधीं उकळून घेत असत. त्या बर्फवाल्यांचें नांवही ह्या मुलीनें ऐकलेलें नव्हतें; आणि ती ज्या सहजतेनें बोलत होती, त्या सहजतेमागें किती माणसांची रात्र थंडींत गेली आहे, हें तिला कळण्याचें कारण नव्हतें. त्या खड्यांत दोन वस्तू एकत्र आल्या होत्या: फळ आणि शैत्य. पहिली आमच्या भूमीस देवानें उदंड दिली. दुसरी मिळविण्यासाठीं बादशहांनीं नावा जुंपल्या आणि व्यापाऱ्यांनीं अर्धी पृथ्वी ओलांडली. ह्या दुसऱ्या वस्तूचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा, असा आमचा हेतु आहे.

आरंभ आपल्या भाषेपासूनच करूं. 'बर्फ' हा शब्द फारसी आहे. संस्कृतांत हिम, तुषार, करका असे शब्द आहेत खरे. परंतु हिमाचें घर दूर उत्तरेस. दक्षिणेच्या पठारावरील माणसाला घन झालेल्या पाण्याची ओळख वर्षांतून एखाद्या वेळीं, वळवाच्या पावसाबरोबर व्हावयाची. आणि त्या वस्तूला त्यानें नांव दिलें 'गार'. थंड ती गार आणि आभाळांतून पडते तीही गार. अंगणांत गारा वेंचण्यासाठीं धांवणारीं मुलें आणि त्यांना ओरडून घरांत बोलावणाऱ्या आया, एवढाच महाराष्ट्राचा बर्फाशीं जुना संबंध. कापून आणावा, साठवावा, विकत घ्यावा, असा बर्फ आपणांस ठाऊकच नव्हता. म्हणून तो आला तेव्हां आपलें नांवही बरोबर घेऊन आला.

ह्याचा अर्थ आमचे पूर्वज उन्हाळ्यापुढें हतबल होते, असा मात्र नाहीं. मातीचा नवा माठ, त्याखालीं ओल्या वाळूचा थर, भोंवतीं ओलें फडकें, आंत वाळ्याची जुडी अथवा मोगऱ्याचीं चार फुलें, ही योजना काय कमी शास्त्रीय आहे? माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपतें, बाहेरच्या कोरड्या हवेंत त्याची वाफ होते, आणि ती वाफ होतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. कैरीच्या पन्ह्याचें नांव संस्कृत 'पानक' शब्दावरून आलेलें आहे. म्हणजे फळाच्या रसाचें पेय ही चैनही कांहीं नवी नव्हे. पाण्याला गंध देण्याची, पाण्याला चव देण्याची कला आम्हांस उत्तम साधली होती. पाण्याला गोठविण्याची तेवढी राहिली होती.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील साऱ्या कथेची किल्ली तींत आहे. माठाची ही युक्ति कोरड्या हवेंत चालते. पुणें, नगर, सोलापूर येथें वैशाखांतला माठ दांतांना झोंबेल असें पाणी देतो. मुंबईंत व कोंकणांत तोच माठ नुसता घाम गाळीत बसतो. हवाच ओलसर असल्यावर पाण्याची वाफ व्हावयाची कशी? मुंबई, कलकत्ता, मद्रास हीं तिन्ही बंदरें अशाच दमट हवेंत वसलेलीं. ज्या शहरांत पैसा व गोरे लोक ह्यांची गर्दी सर्वांत जास्त, त्याच शहरांत माठाचें सामर्थ्य सर्वांत कमी. परदेशी बर्फाला गिऱ्हाईक येथेंच कां मिळालें, ह्याचें निम्में उत्तर ह्या एका गोष्टींत आहे.

पण त्याआधीं मोंगलांकडे वळलें पाहिजे. १५२६ सालीं पानिपत जिंकून बाबर दिल्लीआग्र्याचा धनी झाला. परंतु आपल्या आत्मचरित्रांत ह्या देशाच्या उणिवांची जी यादी त्यानें दिली आहे, तींत चांगल्या खरबुजांचा व द्राक्षांचा अभाव आणि बर्फाचा व थंड पाण्याचा अभाव हीं दोन्ही दुःखें शेजारीं शेजारीं नोंदलीं आहेत. काबूलच्या बागांत रमलेल्या त्या माणसाला राज्य मिळालें, पण पाण्याचा गार घोट मिळाला नाहीं. फळ आणि शैत्य ह्या दोहोंची त्यानें घातलेली सांगड वाचून आम्हांस नेहमीं गंमत वाटते.

आजोबांची ही तक्रार नातवानें दूर केली. अकबराच्या दरबारीं 'आबदारखाना' म्हणून निराळें खातें होतें, आणि त्याची हकीकत अबुल फजलनें 'आईने अकबरी'मध्यें मोठ्या बारकाईनें दिली आहे. प्रथम सोऱ्यानें पाणी थंड करीत. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूंत पडणारा क्षार; तो पाण्यांत विरघळतांना उष्णता शोषून घेतो. धातूच्या सुरईंत एक शेर पाणी घेऊन तोंड बंद करावयाचें, दुसऱ्या भांड्यांत अडीच शेर सोरा व पांच शेर पाणी कालवावयाचें, आणि त्या मिश्रणांत ती सुरई पाव तास हालवीत राहावयाचें. पुढें १५८६ च्या सुमारास स्वारी पंजाबांत गेल्यावर खरा बर्फच येऊं लागला. लाहोरपासून सुमारें पंचेचाळीस कोसांवरील पन्हान नांवाच्या डोंगराळ मुलखांतून तो जलमार्गानें, गाड्यांनीं व माणसांच्या खांद्यावरून येई. जलमार्गासाठीं दहा नावा लागत व प्रत्येक नावेवर चार नावाडी असत. बाजारांत रुपयास दोनतीन शेर बर्फ मिळे. अबुल फजल लिहितो कीं, उन्हाळ्यांत सर्व दर्जांचे लोक बर्फ वापरीत आणि उमराव तर बारा महिने वापरीत. सर्व दर्जांचे लोक म्हणजे दरबाराच्या सावलींत उभे राहणारे, हें वाचकांनीं समजून घ्यावें. ज्या काळीं रुपयाला मणांनीं धान्य येत होतें, त्या काळीं रुपयाला तीन शेर वितळणारें पाणी कोण घेणार?

हिमालयापासून दूर असलेल्या प्रदेशांत मात्र ह्याहून चतुर उपाय रूढ होता, आणि आमच्या मतें हिंदी कारागिरांच्या बुद्धीचें तें एक उत्तम उदाहरण आहे. कंपनीच्या लष्करांतील सर रॉबर्ट बार्कर ह्यानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचें वर्णन छापिलें. अलाहाबादेस मोकळ्या मैदानांत सुमारें तीस फूट लांबरुंद व दोन फूट खोल असे खड्डे खणीत. त्यांत उसाचीं चिपाडें अथवा मक्याचीं वाळलेलीं ताटें आठ इंचांपासून फूटभर जाडीचा थर होईल अशीं पसरीत. त्यावर मातीच्या उथळ, झिलई न दिलेल्या थाळ्या ओळीनें मांडीत. थाळीची खोली सव्वा इंच, मातीची जाडी पाव इंच. संध्याकाळीं त्यांत उकळून निवविलेलें पाणी ओतावयाचें, आणि सूर्योदयापूर्वीं येऊन थाळ्यांवर धरलेला बर्फ गोळा करावयाचा. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने हें काम चाले. गोळा केलेला बर्फ चौदापंधरा फूट खोल खड्ड्यांत ठोकून बसवीत; त्या खड्ड्याला आंतून गवताचें व जाड घोंगड्यांचें अस्तर असे. हा सांठा उन्हाळ्यांत उघडून त्याच्या साह्यानें सरबतें व मलई थिजवीत.

आतां नवल असें कीं, ज्या रात्रीं हवा गोठणबिंदूच्या वरच असे, अशाही रात्रीं थाळ्यांवर बर्फ धरत असे. हें घडतें कसें, ह्याचा वाद युरोपांत बरींच वर्षें चालला. पाण्याची वाफ होऊन थंडी उत्पन्न होते, असें प्रथम सर्वांस वाटलें. परंतु १८१४ सालीं विल्यम चार्लस वेल्स ह्या वैद्यानें दंवावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांत त्यानें हें मत खोडून काढिलें. निरभ्र व निवांत रात्रीं थाळींतील पाणी आपली उष्णता उघड्या आकाशाकडे फेंकीत असतें. खालच्या चिपाडांमुळें जमिनीची ऊब त्याला पोंचत नाहीं. म्हणून तें भोंवतालच्या हवेपेक्षांही थंड होतें. ढग आले कीं बर्फ नाहीं, वारा सुटला कीं बर्फ नाहीं, हा बर्फवाल्यांचा अनुभव त्या सिद्धान्तास पुरावा झाला. अलाहाबादेच्या ज्या मजुरांनीं हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या जमविला, त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव आज आपणांस ठाऊक नाहीं. माघाच्या पहाटे, बोटें बधिर होत असतां, त्यांनीं वेंचलेला बर्फ वैशाखांत ज्यांच्या पेल्यांत पडला, त्यांचीं नांवें मात्र इतिहासांत भरपूर आहेत.

बर्फाच्या पोटांत फळ बसविण्याची हौस ह्या सुमारास आपल्याकडे होती, असें दिसत नाहीं. ती युरोपांत होती. तिकडे हिवाळ्यांतला बर्फ तळघरांत साठवून उन्हाळ्यांत राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांत मिरवीत. जॉन बार्क्ले ह्या लेखकानें १६२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'आर्जेनिस' ह्या लॅटिन कादंबरींत एका मेजवानीचें वर्णन आहे. तींत भर उन्हाळ्यांत ताजीं सफरचंदें पारदर्शक बर्फांत अर्धीं गोठवून ताटांत मांडलीं आहेत. आमच्या स्नेह्यांच्या कन्येनें केलेल्या खड्याची ही थोरली बहीणच म्हणावयाची. पण तें फळ खाण्यासाठीं कमी, दाखविण्यासाठीं अधिक. ज्याच्या घरीं ज्येष्ठांत बर्फ, तो खरा श्रीमंत, एवढेंच त्यानें पाहुण्यांस सांगावयाचें.

बर्फाला ह्या राजवाड्यांतून उचलून बाजारांत आणण्याचें श्रेय, किंवा अपश्रेय, बोस्टनच्या एका हट्टी व्यापाऱ्याकडे जातें. फ्रेडरिक ट्यूडर हा १७८३ सालीं जन्मला. बावीस वर्षांचा असतां, १८०६ सालीं, त्यानें आपल्या गांवच्या तळ्यांतला बर्फ जहाजांत भरून वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर नेला. लोक हंसले. बराचसा बर्फ वितळला, पैसा बुडाला, कर्जापायीं तुरुंगही पाहावा लागला. परंतु त्यानें हा नाद सोडला नाहीं. त्याचा सहकारी नॅथॅनिएल वायेथ ह्यानें १८२५ सालीं घोड्यानें ओढावयाचा बर्फ कापणारा नांगर काढिला. तेव्हांपासून तळ्यावर सारख्या मापाच्या लाद्या निघूं लागल्या. सारख्या लाद्या एकमेकींस घट्ट बसतात, फटी राहात नाहींत, म्हणून वितळतही कमी. त्याभोंवतीं लाकडाचा भुसा ठासला कीं बर्फ महिनेच्या महिने टिकतो, हें ट्यूडरला चुकतमाकत कळून आलें. ज्या भुशाला लांकूडकापीच्या गिरण्यांत कोणी विचारीत नव्हतें, त्या भुशानें हा व्यापार तारला.

१८३३ च्या मे महिन्यांत 'टस्कनी' नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्यास निघालें. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदां ओलांडून, चार महिन्यांनीं तें हुगळी नदींत शिरलें, तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. त्याच्याबरोबर बर्फानें थंड राखलेलीं बाल्डविन जातीचीं सफरचंदेंही आलीं होतीं. बर्फ आणि फळ ह्यांचा हिंदुस्थानाकडे झालेला हा पहिला मोठा संयुक्त प्रवास म्हणतां येईल. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक ह्यानें जकात माफ केली, रात्रीं माल उतरविण्याची परवानगी दिली, आणि बर्फाबरोबर आलेल्या विल्यम रॉजर्सला सोन्याचा मुलामा दिलेला रुप्याचा पेला नजर केला. शहरच्या गोऱ्या रहिवाशांनीं तर वर्गणी काढून बर्फघर बांधिलें. तोंवर कलकत्त्याला हुगळीजवळ थाळ्यांत धरलेला पातळ, चिखलट बर्फ मिळत असे. त्याच्यापुढें ही अमेरिकन लादी म्हणजे स्फटिकच.

दुसऱ्याच वर्षीं, १८३४ च्या सप्टेंबरांत, मुंबईच्या धक्क्यावर बर्फ उतरला. जहांगीर नसरवानजी वाडिया ह्यांच्या पेढीनें तो पौंडास चार आणे भावानें विकला. जमशेटजी जीजीभॉय ह्यांनीं आपल्या मेजवानींत त्या बर्फाचें आइस्क्रीम पाहुण्यांस दिलें, आणि पुढल्या आठवड्यांत यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याचें वृत्त 'मुंबई समाचारां'त आलें, अशी त्या काळची नोंद आहे. आमच्या आजीनेंही सर्दीचें कारण हेंच सांगितलें असतें. पुढें गोदीच्या फाटकासमोर घुमटाची एक गोल इमारत बर्फासाठीं उभी राहिली. मद्रासेस १८४२ सालीं समुद्रकांठीं तसेंच बर्फघर झालें. जहाज वेळेवर न आलें तर ह्या शहरांत बर्फाचा दुष्काळ पडे. थंड प्रदेशांतील हिवाळा बिघडला तर सात समुद्रांपलीकडच्या आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावयास लादी मिळूं नये, असा हा चमत्कारिक संबंध जुळला होता.

ह्या व्यापाराला अमेरिकेंत एक तत्त्वज्ञ साक्षीदार मिळाला. १८४६-४७ च्या हिवाळ्यांत मॅसेच्युसेट्समधील वॉल्डन तळ्यावर शंभरएक आयरिश मजूर बर्फ कापावयास आले. तळ्याकांठच्या झोंपडींत हेन्री डेव्हिड थोरो राहात होता आणि भगवद्गीता वाचीत होता. मद्रास, मुंबई, कलकत्ता येथील तहानलेले लोक आपल्याच विहिरीचें पाणी पिणार, ह्या विचाराचें त्याला मोठें कौतुक वाटलें, आणि १८५४ सालीं छापलेल्या 'वॉल्डन' ग्रंथांत त्यानें तें नमूद केलें. गंगेकांठचें तत्त्वज्ञान तिकडे गेलें व तिकडचें पाणी गंगेकांठीं आलें, ही देवघेव त्याला भावली. त्याच्या काव्यास आमचा नमस्कार असो. परंतु तें पाणी पिणारे तहानलेले लोक कोण, हा प्रश्न त्यानें विचारला नाहीं. पौंडास चार आणे देणारा मनुष्य तहानेनें व्याकुळ झालेला नसतो. लादी जहाजांतून उतरविणारा हमाल मात्र असतो.

इतिहासाची गंमत पाहा. ज्या १८३४ सालीं मुंबईस पहिला बर्फ उतरला, त्याच सालीं जेकब पर्किन्स ह्यानें लंडनांत थंडी उत्पन्न करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. म्हणजे ट्यूडरच्या भरभराटीच्या आरंभींच तिचा अंत पेरला गेला होता. पुढें फ्लॉरिडांतील डॉक्टर जॉन गॉरी ह्यानें तापकऱ्यांच्या खोल्या थंड ठेवण्याच्या धडपडींत बर्फाचें यंत्र बनविलें व १८५१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. फ्रान्समध्यें फेर्दिनां कारे ह्यानें अमोनिया वापरून १८५९ सालीं तसेंच यंत्र सिद्ध केलें. पर्किन्स व कारे ह्यांच्या यंत्रांमागील तत्त्व आपल्या माठाचेंच आहे: द्रवाची वाफ होते तेव्हां ती उष्णता हिरावून घेते. माठांत गेलेली वाफ परत येत नाहीं. यंत्रांत ती पुन्हां द्रव करितात आणि पुन्हां कामास लावितात, एवढाच भेद. १८७८ सालीं कलकत्त्यांत 'बेंगॉल आइस कंपनी' निघाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेहून बर्फ आणण्यांत राम उरला नाहीं. कलकत्त्याचें व मुंबईचें बर्फघर काळाच्या उदरांत गडप झालें. मद्रासचें तेवढें उभें आहे; १८९७ सालीं पाश्चात्य देशांहून परतलेल्या स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथें पडला, म्हणून आज तें त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. बर्फ ठेवण्यासाठीं बांधिलेलें घर एका संन्याशाच्या तेजाचें स्मारक व्हावें, हाही योगच.

कारखान्यांतल्या यंत्रानें बर्फ स्वस्त केला, तरी तो घरांत जन्मत नव्हता. बाहेरून आणावा लागे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंत घरगुती शीतकपाटें निघालीं, त्यांच्याबरोबर खणाखणांचे साचे आले, आणि १९३३ सालीं तर वांकवून खडे सोडवितां येतील असा धातूचा साचा निघाला. आपल्याकडे गोदरेजनें १९५८ सालीं पहिलें देशी शीतकपाट तयार केलें. परंतु मध्यम वर्गाच्या स्वयंपाकघरांत त्याचा शिरकाव होण्यास आणखी कांहीं दशकें जावीं लागलीं. आमच्या लहानपणीं, सन १९७५ च्या आगेमागे, बर्फ हवा असेल तर वडिलांबरोबर बर्फाच्या दुकानीं जावें लागे. दुकानदार भुशाच्या ढिगांतून लादी ओढून काढी, टोंच्यानें तिचा तुकडा पाडी, आणि तरटांत गुंडाळून आमच्या हवालीं करी. घरीं आइस्क्रीमचा लांकडी पॉट तयारच असे. बर्फ फोडून, त्यांत खडेमीठ घालून, हापूसच्या रसाचें दूध थिजेपर्यंत दांडा फिरविण्याची पाळी आम्हां भावंडांत लागे. चड्डीला चिकटलेला तो भुसा झटकतांना, हीच युक्ति एकदां बोस्टनच्या धक्क्यावरून कलकत्त्यास गेली होती, ह्याची आम्हांस कल्पनाही नव्हती.

आतां पुन्हां आमच्या पेल्याकडे येऊं. पाणी उकळल्यानें बर्फ नितळ कां होतो? पाणी बाहेरून आंत गोठत जातें; त्यांत मिसळलेली हवा व क्षार बर्फांत मावत नाहींत, ते आंत ढकलले जातात, आणि शेवटीं मध्यभागीं अडकून पांढरा डाग धरितात. उकळल्यानें हवेचा बराच अंश निघून जातो. म्हणून अलाहाबादेचा बर्फवाला जें करीत होता, तेंच ह्या मुलीनें केलें. तिनें त्याच्या कलेंत भर घातली ती फळाची. जांभळाचा काप, कलिंगडाचा चौकोन, करवंद, आंब्याची फोड, कांहींही ह्या खड्यांत शोभतें. फळाचा रसच गोठविला तर मात्र साखरेमुळें खडा ठिसूळ होतो व लवकर विरतो. सबंध फळ पाण्यांत बसविलें तर खडा टणक राहतो, आणि तो विरघळतां विरघळतां फळ पेल्यांत उतरतें. युरोपच्या राजवाड्यांत जें नुसतें दाखविण्यासाठीं होतें, तें आमच्या घरीं खाण्यासाठीं झालें, ह्याचा आम्हांस खरोखर आनंद वाटतो. बाबराचीं दोन्ही दुःखें एका खड्यांत मिटलीं.

पण हा आनंद निर्भेळ नाहीं. त्याच दुपारीं स्नेह्यांकडे जातांना वाटेंत एका हातगाडीवर रंगीत बर्फाचे गोळे विकले जात असलेले आम्हीं पाहिले होते. सायकलच्या टायराएवढ्या वर्तुळांत मुलें उभीं होतीं, मजूर उभे होते. तो बर्फ कोणत्या पाण्याचा, हें त्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हतें. २०१८ सालीं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें असा नियम केला कीं, खाण्याच्या कामीं न येणारा, मासे वगैरे टिकविण्यासाठीं केलेला बर्फ निळ्या रंगाचा असावा, म्हणजे तो पेल्यांत कोणी घालूं नये. नियम चांगला आहे. परंतु असा नियम करावा लागतो, ह्याचाच अर्थ काय? मासळीचा बर्फ माणसाच्या पेल्यांत जात होता. चार शतकांत बर्फ बादशहाच्या सुरईंतून हातगाडीपर्यंत आला खरा. पण येतां येतां त्याचे दोन प्रकार झाले. एकाच्या पोटांत डाळिंबाचे दाणे दिसतात. दुसऱ्याच्या पोटांत काय आहे, तें दिसत नाहीं. थंडावा सर्वांना मिळूं लागला. निर्मळ थंडावा अजून सर्वांचा झालेला नाहीं.

आमच्या पूर्वजांना बर्फ ठाऊक नव्हता. परंतु थंड पाणी कोणाचें, ह्याविषयीं त्यांच्या मनांत संदेह नव्हता. अक्षय्यतृतीयेला पाण्यानें भरलेला कुंभ दान करावा, वैशाखांत रस्त्यावर पाणपोई घालावी, वाटसरूस जात न विचारतां पाणी द्यावें, असें धर्म सांगत होता. आचरणांत ह्यांतली शेवटली गोष्ट किती पाळली गेली, हें आपण सर्व जाणतों. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ सालीं पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तो काय उगीच? तरीसुद्धां गार पाणी ही दानाची वस्तु आहे, हा विचार मोलाचा होता. बर्फ मात्र प्रथमपासून मानाची किंवा विक्रीची वस्तु म्हणून आला, आणि दानाच्या यादींत त्याचें नांव अद्याप चढलेलें नाहीं. एखाद्या पाणपोईवर उकळलेल्या पाण्याचा स्वच्छ बर्फ ठेवावयास आज कितीसा खर्च येईल? एखाद्या मंडळाच्या मांडवावर एका रात्रींत जेवढी वीज जळते, तेवढींत कित्येक पाणपोया वैशाखभर गार राहतील.

आम्ही हा सर्व विचार करीत असतां पेल्यांतला खडा विरघळून गेला, आणि डाळिंबाचे दाणे तळाशीं जाऊन बसले. तेवढ्यांत दार वाजलें. स्वयंपाकाच्या गॅसचा भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन दोन जिने चढून आलेला एक मनुष्य दारांत उभा होता. त्याच्या सदऱ्याचा रंग घामानें ओळखूं येत नव्हता. मुलगी आंत गेली, आणि आम्हांस दिला होता तसाच पेला, तसेच तीन खडे घालून, तिनें त्याच्या हातीं दिला. त्यानें आधीं पेला उन्हांत धरून आंतलें पान पाहिलें, थोडा हंसला, आणि मग एका दमांत पिऊन टाकिलें. रिकामा पेला परत देतांना तो म्हणाला, "ताई, दाणे पण खाल्ले बरं का."